वेगवान नौकांची एंजिने व प्रचालन यंत्रणा

शर्यती, सागरी गस्त, जीवरक्षण व जलद वाहतूक यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वेगवान यांत्रिक नौकेतील एंजिन, दंतचक्रपेटी, दंड व पंखा यांची परस्परानुरूप जुळणी. तयार मिळणारी जुळणी सर्वसाधारण वापरासाठी असते. विशिष्ट तळ, वजन व वेग यांसाठी ती मुद्दाम योजावी लागते.

मंदगती नौका पाणी बाजूला सारीत जाते. वेगवान नौकेचा तळ मात्र ठराविक वेगानंतर पाण्याच्या उत्थापक प्रेरणेने वर उचलला जाऊन पृष्ठभागावरून घसरू लागतो. त्यामुळे एंजिनाची शक्ती व वजन या दोहोंना सारखेच महत्त्व येते. जड एंजिनाने नौकेचा मागील भाग दबतो आणि वाढलेली शक्ती काही अंशी वाया जाते.

मोटारगाडीचे एंजिन नौकेत जसेच्या तसे चालत नाही. मोटारीत पूर्ण शक्ती क्वचितच लागते, तर नौकेत एंजिनावर दीर्घकाळ मोठा भार राहतो. शीतनासाठी बाहेरचे पाणी घ्यावे लागते. खाऱ्या पाण्याने गंज चढू नये म्हणून ते बहुधा उष्णता-विनिमयकातूनच फिरवितात. पेट्रोलची वाफ तळाशी साचत असल्याने विद्युत् उपकरणे ठिणगीरोधक असावी लागतात.

प्रचालनाचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत : नौकेच्या पाठीवर बसविलेली आउटबोर्ड मोटार, तळातून बाहेर जाणारा तिरपा दंड, आत एंजिन व बाहेर वळविता येणारा पाय असलेली स्टर्न ड्राइव्ह, जी व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली, अर्धवट बुडालेला पंखा, आणि पाण्याचा झोत मागे फेकणारी यंत्रणा. अर्धवट बुडालेल्या पंख्यामुळे पाण्याखालील भागांचा रोध घटतो, म्हणून अतिवेगासाठी तो सोयीचा असतो. झोतयंत्रणेत पंखा बाहेर नसल्याने ती उथळ पाण्यात उपयोगी पडते.

एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे जाईल त्या अंतरास अंतराल म्हणतात. एंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत असून दंतचक्रांचे गुणोत्तर २ : १ असल्यास पंखा २,५०० फेरे घेतो. अंतराल ५३ सेंमी. असल्यास वेग ताशी सु. ८० किमी. येतो, पाण्यातील घसरण १२ टक्के धरल्यास तो सु. ७० किमी. राहतो. पूर्ण भारासह चाचणी घेताना एंजिनाचे फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडल्यास अंतराल कमी करतात, जास्त झाल्यास वाढवितात. अंतरालात सु. २·५ सेंमी. फरक केल्यास फेऱ्यांत साधारणपणे १५० ते २०० चा फरक पडतो. एकाच पंख्याच्या प्रतिक्रियेने नौका एका बाजूस कलते, म्हणून दोन एंजिनांच्या नौकेत पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरवितात.

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन शर्यतीत सर्व संघांना एकसारख्या नौका होत्या. त्यामुळे चालकाच्या कौशल्यास महत्त्व आले. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतरच्या काळात किनारी पोलिसांसाठी ५ व १२ टनी वेगवान नौका बांधण्यात आल्या. त्यांच्या निर्मात्यांत गोवा शिपयार्डचा समावेश होता.

जुळणीतील एक भाग बदलला की इतर सर्वांवरील भार बदलतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर चाचणी अपरिहार्य ठरते. चालक तोल जाऊन पडल्यास एंजिन बंद करणारी दोरी, सुकाणू व वेगनियंत्रक यांची तपासणी त्याआधी व्हावी लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात एंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून १५ जणांचा मृत्यू झाला. एंजिनातील बिघाडामुळे नौकेवरील ताबा सुटल्याचे नौदलाने निवेदनात म्हटले होते. अशा चाचण्या प्रवासी मार्गांपासून दूर, मोकळ्या पाण्यात घेणे हा यंत्रणेच्या रचनेइतकाच महत्त्वाचा भाग होय.