दोन सुट्ट्या, दोन वाटा : निरवांगीच्या परिसरातील वारसास्थळे

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातील नीरेकाठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला नीरा वाहते; पूर्वेच्या टोकाला दोघी एकमेकींना मिळतात. नद्यांमधल्या या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास यादवकालीन मंदिरे, मराठेशाहीतील वाडे-गढ्या आणि वारकऱ्यांचे मुक्काम जवळजवळ आहेत. यातली बहुतेक ठिकाणे पाहून घरच्या माणसांना संध्याकाळी माघारी येता येते. मात्र कोणते ठिकाण कोणत्या सुट्टीत पाहावे, हे धरणातले पाणी, पंचांग आणि शेतीची कामे पाहून ठरवावे लागते.

दिवाळीची सुट्टी

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. ऊसवाल्या घरांना त्यामुळे एका दिवसाचीच सहल परवडते. अशा सहलीला नीरा नरसिंहपूर सोयीचे आहे. भीमा-नीरेच्या संगमावरचे लक्ष्मी-नृसिंहाचे हे देवस्थान अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. पावसाळ्यानंतर नद्या भरलेल्या असल्याने संगम नीट दिसतो. मात्र घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात, मुलांना सांभाळावे लागते.

सुट्टीच्या अखेरीस किंवा तिला लागूनच कार्तिकी एकादशी येते. आषाढीला शाळा सुरू झालेल्या असतात. त्यामुळे पंढरपूरची वारी मुलांना दाखवायची तर कार्तिकी सोयीची पडते. निरवांगीहून अकलूजमार्गे जाताना नीरेकाठचा अकलूजचा किल्ला पाहता येतो. पुढे वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे आणि तेथे रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेख आहेत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्कामही याच गावी असतो. तुकाराम महाराजांची पालखी मात्र बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी येते आणि सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातले जाते. नकाशावर हे दोन्ही मार्ग आखले की आपला तालुका वारीच्या वाटेवर कुठे येतो, ते मुलांना चटकन कळते.

इंदापूर आणि बारामती ही दोन्ही गावे इतिहासाच्या पुस्तकाशी जोडलेली आहेत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी गावात आहे. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (1729–1794) येथे राहिले आणि आर्या वृत्तातली त्यांची बहुतेक रचना येथेच झाली. रामायणाची कथा त्यांनी शंभराहून अधिक वेगवेगळ्या रचनांत सांगितली.

उन्हाळ्याची सुट्टी

1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची अनेक गावे गेली. पळसदेव त्यांपैकी एक. गाव वर सरकले, पळसनाथाचे जुने मंदिर पाण्यातच राहिले. दिवाळीत तेथे फक्त पाणी दिसते. ज्या वर्षी उन्हाळ्यात साठा खूप खाली जातो, त्या वर्षी आधी शिखर आणि मग खालचे दगडी बांधकाम उघडे पडते. त्यामुळे निघण्यापूर्वी उजनीचा साठा किती आहे, याची चौकशी करावी आणि गाळात पाय रुतणार नाही अशाच वाटेने जावे.

जुन्या देवळांच्या आवारात आढळणारे वीरगळ मुलांना वाचायला शिकवण्याजोगे आहेत. वीरगळ खालून वर पाहायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो. त्याने चोरांपासून गुरे सोडवली असतील, तर गाईही कोरलेल्या असतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते असेतोवर कीर्ती राहील. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो. एवढ्या खुणा कळल्या की अक्षरे नसलेला दगडही मुले स्वतः वाचू लागतात.

भर उन्हात यवतजवळचे भुलेश्वर मंदिर सोयीचे पडते, कारण पाहण्यासारखे पुष्कळ काही आत, सावलीत आहे. मंदिर यादवकाळातले, सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने त्याच्याभोवती दौलतमंगळ किल्ला उभारला. आतल्या प्रदक्षिणामार्गात उजेड कमी असल्याने बॅटरी जवळ हवी. येथील शिल्पांत स्त्रीरूपातील गणेश, म्हणजे वैनायकी, आवर्जून शोधावी. वैशाख शुद्ध चतुर्दशीची नृसिंह जयंती बहुधा याच सुट्टीत येत असल्याने नरसिंहपूरचा उत्सवही पाहायला मिळतो.

लांबचा पल्ला

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातच आहेत, पण निरवांगीहून तेथे मुक्कामाच्या तयारीने जावे लागते. लहान मुले आणि वडीलधारी बरोबर असतील, तर पायऱ्यांचे शिवनेरी व लोहगड बरे. राजगडाची चढण दमवणारी आहे. किल्ल्यांसाठी दिवाळीची हवा मानवते. अजिंठा व वेरूळ ही लेणी 1983 मध्ये जागतिक वारसा ठरली. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे पाहूनच दिवस ठरवावेत.

जाण्यापूर्वी

एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळतो. त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन जाणे आता कमी खर्चाचे आहे. एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत 4 आणि 7 दिवसांचे पास मिळतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश शुल्क नसते. वयाचा दाखला जवळ असावा.

शिलालेखावर खडू फिरवणे, शिल्पांना तेल-शेंदूर लावणे किंवा भिंतीवर नावे कोरणे टाळावे. संरक्षित स्मारकाची नासधूस हा कायद्याने गुन्हा आहे. दिवसाकाठी दोन ठिकाणे पुरेत. एका वहीत गाव, नदी, देवळाचा काळ आणि एखाद्या शिल्पाचे रेखाटन अशी नोंद मुलांनी ठेवली, तर पुढच्या सुट्टीत काय पाहायचे राहिले, हे ठरवायला ती कामी येते.