कामावरची मैत्रीण

जात्यावर मूठ दोन मूठ पीठ एकटी बाई काढू शकते. पण घरात कार्य निघाले आणि पायलीच्या पायल्या दळावयाच्या झाल्या, म्हणजे समोर दुसरी लागते. एकाच खुंट्याला दोघींचे हात, ओढ निम्मी निम्मी, आणि तोंड मोकळे. त्या मोकळ्या तोंडातून ओव्या आल्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत बाप आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे; आणि 'गडण'ही आहे. गडण म्हणजे मैत्रीण. भाताच्या लावणीला आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, अशी जी सावड होते ती तुम्ही पाहिली असेल, कदाचित केलीही असेल. सांगावयाचे ते एवढेच की, बायकांची मैत्री ही पाणवठ्यावर वेळ घालविण्यासाठी निघालेली गोष्ट नव्हे. ती कामातूनच निघालेली आहे, आणि काम पार पाडण्याची ती एक रीत आहे.

आता काम घराबाहेर गेले. शाळा, दवाखाना, पंचायतीचे कार्यालय, बँक, कारखाना, सगळीकडे बायका कामाला आहेत. पण जात्यापुढची ती दुसरी जागा मात्र पुष्कळदा रिकामी राहिली. असे का व्हावे?

याचे एक कारण अगदी साधे आहे. कचेरीतल्या कामाच्या निम्म्या गोष्टी कचेरीत कळतच नाहीत. बदल्यांची यादी कधी लागणार, कोणत्या साहेबाकडे अर्ज लवकर सुटतो, सेवापुस्तकात कोणती नोंद राहिली म्हणजे पुढे निवृत्तिवेतन अडते, हे सारे पाच वाजल्यानंतर चहाच्या टपरीवर कळते. तिथे पुरुष उभे असतात. बाई त्या वेळी एस्. टी. गाठायला धावत असते, कारण घरी चूल तिची वाट पाहात असते. तिला कोणी मुद्दाम टाळले असेही नाही. ती नुसती तिथे नसते. आणि नसणाऱ्याला कळत नाही.

म्हणून बायकांनी आपली टपरी प्रवासात मांडली. मुंबईच्या लोकलगाडीत बायकांच्या डब्यात एकदा बसून पाहा, म्हणजे बायामाणसांनी बसून पाहा, बरं का! तिथे भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, भिशीचे पैसे फिरतात. आम्ही पुरुष त्याला गप्पा म्हणतो. पण तिथेच एक दुसरीला सांगते की, अमुक रजा मिळते, अर्ज असा कर. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. निर्णय कागदावर निघाला. पण दूरच्या वाडीवरल्या शाळेत एकट्या असलेल्या शिक्षिकेपर्यंत तो बहुधा कागदाने पोचत नाही, दुसऱ्या शिक्षिकेच्या तोंडून पोचतो. तालुक्याहून एकाच जीपने ये-जा करणाऱ्या चार बाई एकमेकींना किती शिकवितात, याचा हिशेब कोणत्याही प्रशिक्षणवर्गात सापडणार नाही.

माहितीच्याही पुढची गोष्ट म्हणजे एकीची जागा दुसरीने सांभाळणे. शिक्षकांपुढे बोलतो आहे म्हणून शाळेचेच उदाहरण घेतो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, पुढे आणखी शाळा काढल्या, हे आपण सारे जाणतो. रस्त्याने जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड येत, हेही आपण मुलांना सांगतो. सांगावयाचे राहून जाते ते निराळेच. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या आणि माहेरी, नायगावला जाऊन राहिल्या. तेथून त्यांनी ऑक्टोबर महिन्यात जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्या पत्रात त्यांना आठवण होते ती फातिमाची. आपण नसल्यामुळे तिच्यावर फार ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. ह्या फातिमा शेख. त्यांच्या बरोबरीने शाळेचे काम करणाऱ्या.

दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या बाईला दोन गोष्टी एकाच वेळी ठाऊक आहेत. आपल्या गैरहजेरीने दुसरीचे ओझे वाढले ही एक, आणि तरीही शाळा बंद पडणार नाही ही दुसरी. पहिली टोचते, दुसरी धीर देते. कामावरची मैत्री म्हणजे हीच की हो! एक माळ्याची लेक, दुसरी मुसलमानाची. त्या काळी एका पंक्तीला बसण्याचीही पंचाईत. फातिमाबाईंविषयी फार कागद उरलेले नाहीत. पण त्या चार शब्दांवरून दोघींमधला भरवसा कळायला अडचण पडत नाही.

मैत्रीत पैशाचा व्यवहार आला की मैत्री नासते, असे आपल्याकडे म्हणतात. मला हे पटत नाही. हिशेब चोख नसला की नासते. १९५९ सालच्या १५ मार्चला मुंबईच्या गिरगावात सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. भांडवल काय, तर उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. हीच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था. तोटा आला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांनी प्रारंभीच निश्चय केला. सकाळी केंद्रावरून भिजविलेले पीठ न्यावयाचे, घरी लाटावयाचे, वाळलेले पापड वजन करून द्यावयाचे आणि मजुरी घ्यावयाची. सभासद एकमेकींना बहीण म्हणतात. नफा वाटतात तसा तोटाही वाटतात. नुसते बहीण म्हणून चालले नसते. वजनकाटा होता म्हणून बहीण म्हणता आले. त्या सातींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बचत गट चालविणाऱ्या आमच्या भगिनींना यात नवे काही वाटणार नाही. वहीत नोंद नसेल तर गटातली मैत्री किती महिने टिकते, हे त्यांनाच विचारा.

"पण बाईच बाईची वैरीण असते त्याचे काय?" हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो, आणि विचारणारा बहुतेक पुरुष असतो. एका खुर्चीवर चार पुरुषांचा डोळा असला तर त्याला आपण चुरस म्हणतो. दोन बायकांचा असला तर मत्सर म्हणतो. खुर्च्याच थोड्या असल्या तर ओढाताण होणारच. तथापि, बायकांची मैत्री सदैव निर्मळ असते असेही मी म्हणणार नाही. अंगणवाडीकडे पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून ही योजना सुरू झाली, आणि आज गावोगाव एका खोलीत दोन बायका काम करतात. एक सेविका, एक मदतनीस. मुले तीच, खिचडी तीच; पण मानधन निराळे आणि मानही निराळा. जिथे सेविका मदतनिसीला "अगं ए" म्हणते आणि मदतनीस तिला "बाई" म्हणते, तिथे मैत्री आहे की नुसती सवय आहे? आणि डब्याच्या वेळी जात पाहून जर दोन कोंडाळी होत असतील, तर त्याला मैत्री म्हणू नये. ती भिंत आहे, फक्त तिला चुना लावलेला आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयास जड जाते, पण खेड्यातल्या भगिनींना तिची गरज आहे. राजस्थानात १९८४ साली महिला विकासाची एक सरकारी योजना निघाली. तिच्यात गावपातळीवर काम करणाऱ्या बाईला नाव दिले 'साथिन', म्हणजे सोबतीण. भटेरी गावच्या अशाच एक साथिन भंवरीदेवी. त्यांनी एक बालविवाह थांबविण्याची खटपट केली आणि त्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. काम करावयास गेलेल्या बाईचे काम करतानाच रक्षण कोणी करावयाचे, असा प्रश्न घेऊन महिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ साली न्यायालयाने विशाखा या नावाने ओळखला जाणारा निर्णय दिला, आणि २०१३ साली संसदेने कायदा केला.

त्या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे तक्रार ऐकण्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. शेतावर वा घरकामाला जाणाऱ्या बाईलाही तिच्याकडे जाता येते. तक्रार लेखी, आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावयाची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहिण्यास मदत करावयाची आहे. आणि त्याच कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे: शरीराच्या अवस्थेमुळे ती बाई स्वतः तक्रार करू शकत नसेल, तर तिच्या लेखी संमतीने दुसरे कोणी तिच्यासाठी तक्रार देऊ शकते. कोण देऊ शकते, त्याची यादी नियमात दिली आहे. नातेवाईक आहेत, महिला आयोगाचे अधिकारी आहेत, घडलेली गोष्ट ठाऊक असलेले कोणीही आहे. त्याच यादीत, नातेवाइकाच्या शेजारी, मैत्रीण आहे. आणि तिच्याबरोबर काम करणारीही आहे.