ओझे आणि वजन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी सांगून टाकले, की कॉलेजच्या जिमखान्यात मी वजने उचलायला लागले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या पुष्कळ गोष्टी 'कॉलेजात असंच असतं' म्हणून खपून जातात. ही मात्र खपली नाही. आत्या म्हणाली, "तुझ्या आईनं जन्मभर ओझी वाहिली. तिला कुठं जिमखाना लागला?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. नंतर क्रीडाशिक्षकांना विचारले, ग्रंथालयातली शरीरशास्त्राची पुस्तके चाळली. त्यातून जे उमगले ते येथे मांडते आहे.

आई रोज कडब्याचा भारा आणते, पाण्याचे हंडे आणते. ओझ्याने ताकद येत असती तर ती दरवर्षी अधिक बळकट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात चाळिशीतच ती कंबर धरून उठते. असे का? स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा अधिक ताण पडला, की तो झीज भरून काढताना पहिल्यापेक्षा सशक्त होतो. पण हे काम वजन उचलताना होत नाही. ते नंतर, विश्रांतीत होते, आणि तेही पोटात पुरेसे अन्न असेल तर! जिमखान्यात आम्ही ठराविक वजन आठ-दहा वेळा उचलतो, मध्ये थांबतो, दुसऱ्या दिवशी त्या स्नायूंना सुट्टी देतो, आणि ते सोपे वाटू लागले की किलो-दोन किलो वाढवतो. आईच्या भाऱ्याला असा हिशेब नाही. तो किती जड असावा हे गोठा ठरवतो. तिला सुट्टी नाही, आणि जेवायला ती सर्वांच्या मागून बसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा शरीरावरचे ओझे हा व्यायाम नव्हे, ती नुसती झीज आहे.

दुसरा आक्षेप मैत्रिणींचा : "अगं, पुरुषासारखी दिसशील!" वस्तुतः पिळदार स्नायूंना जे टेस्टोस्टेरॉन लागते, ते पुरुषांत आपल्यापेक्षा कित्येक पट अधिक असते. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद बहुतांशी मज्जासंस्थेची करामत असते; असलेलेच स्नायुतंतू एकदम कामाला लावायला ती शिकते. दंड होता तेवढाच राहतो, पण पाण्याची बादली हलकी वाटू लागते. (माझ्या वसतिगृहात नळ खाली आणि खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून हे मी खात्रीने सांगते.)

मूल होणार नाही, ही भीती तर थेट आजीपासून चालत आलेली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे भारोत्तोलन प्रथम आले ते २००० साली, सिडनीला. तेथे करनम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्याच वर्षी ती आई झाली. आणि हे काही दूरदेशीचेच आहे असे नाही. आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमधील जागतिक ज्युनिअर स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्णपदक पटकावले. स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट!

आम्हांला अर्थात पदके मिळवायची नाहीत. पण पाळी गेल्यानंतर स्त्रीची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, आणि बेताबेताने वाढवलेल्या भाराने ती घट्ट राहायला मदत होते. हाडांची पुंजी तरुणपणीच साठवावी लागते. विशी-तिशीनंतर ती फारशी वाढत नाही. म्हणजे आम्ही वर्गात बसलो आहोत, ती हीच वर्षे.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आईला हंडा उचलण्याची रीत दाखवली : पाय फाकवून हंड्याजवळ उभे राहायचे, पाठ सरळ ठेवायची, गुडघ्यांत वाकायचे आणि मांड्यांच्या जोरावर उठायचे. ती हसली, पण दोनदा करून पाहिले. हंडा ती आता तसाच उचलते. भाऱ्याचे मात्र जमत नाही. तो चुंबळीवर चढवून द्यायला दुसरे माणूस लागते, आणि बांधावर ती एकटीच असते.