नवाने भाग जातो का?

बँकेत कॉम्प्युटर यायच्या आधी ज्यांनी लेजर बॅलन्स केले, त्यांना नऊ या आकड्याचा महिमा सांगावा लागत नाही. संध्याकाळी टोटल जुळली नाही की आधी फरक काढायचा आणि बघायचं, नवाने भाग जातो का. गेला, तर बहुतेक वेळा कुणीतरी अंक उलटसुलट लिहिलेले असायचे.

मी नोकरीला नवीन होते तेव्हा एका संध्याकाळी २७० रुपयांचा फरक येत होता. आम्ही तिघीचौघी व्हाउचरांचे गठ्ठे सोडून पुन्हा एकेक टिक करत बसलो होतो. हेडक्लार्क चहाचा कप घेऊन आले, फरक किती ते विचारलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "अगं, गठ्ठे कशाला उपसताय? दशक-शतक उलटलंय. त्या दोन अंकांत तीनचा फरक असणार. तेवढंच बघा." थोड्याच वेळात सापडलं. व्हाउचरवर १,४७० होते, लेजरला १,७४० चढले होते.

यात जादू काही नाही. शतकाच्या घरातला अंक शंभराने मोजला जातो, दशकाच्या घरातला दहाने. दोघांनी घरं बदलली की त्यांच्यातल्या प्रत्येक एकामागे नव्वदाचा फरक पडतो. नव्वद त्रिक दोनशेसत्तर. एकक-दशक बदलले तर फरक नवाच्या पटीत, एकक-शतक बदलले तर नव्व्याण्णवच्या. काहीही करा, नऊ सुटत नाही. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. हा नियम केला कुणी? रिझर्व्ह बँकेचं तसं परिपत्रक तर नव्हतं.

गणित आधीपासून असतं आणि माणसाला सापडतं, की माणूस ते घडवतो, हा वाद प्लेटोइतका जुना आहे. प्लेटोच्या बाजूचे लोक म्हणतात, त्रिकोण आणि संख्या यांचं जग आपल्या असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. विसाव्या शतकात विट्गेनस्टाइनने बरोबर उलट सांगितलं की गणिती हा शोध लावणारा नाही, रचना करणारा आहे. दोन्ही बाजूंना मोठमोठी माणसं आहेत. मला मात्र असल्या वादात हाताशी एखादा ठोस आकडा लागतो, आणि तो आमच्या नाशिकशेजारीच, देवळालीत मिळतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. तिथे असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या १, १२१, १२३२१ अशा डौलदार संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, दुसऱ्या एका प्रकाराला देवळालीचं. मोठ्या विद्यापीठांतल्या मंडळींनी या माणसाला फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा नाव जगभर झालं.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला आकडा ६१७४. तो त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचंच जन्मवर्ष घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८, ७४४३. पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ केले की ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा, परत ६१७४ च येतो. १९०५ ला सात पायऱ्या लागल्या. सातपेक्षा जास्त कोणत्याच संख्येला लागत नाहीत. एकच काळजी घ्यायची, मध्ये तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं.

वरच्या सगळ्या उत्तरांतल्या अंकांच्या बेरजा करून बघा. सगळ्यांना नवाने भाग जातो. बँकेतलेच ते उलटलेले अंक, फक्त इथे मुद्दाम उलटवलेले.

आता यावर हार्डी काय म्हणाला असता, त्याचा अंदाज करता येतो. रामानुजनला केंब्रिजला नेणारा हा इंग्रज गणिती १९४० च्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अगदी अशाच आकड्यांची चेष्टा करतो. ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे आणि ८७१२ ही २१७८ च्या चौपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. चार अंकी संख्यांत अशा या दोनच. हार्डीच्या मते हे कोड्यांच्या सदरापुरतं ठीक, गणित्याला यात घेण्यासारखं काही नाही. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात हार्डी ठामपणे सांगतो की गणिताचं वास्तव आपल्या बाहेर आहे आणि आपण ते फक्त पाहतो, नोंदवतो. म्हणजे ९८०१ ही बाहेरच्या वास्तवात आहेच, फक्त साहेबांना तिच्याकडे बघायचं नाही. हार्डीचा मला राग नाही, पण त्याच्या आवडीनिवडीला मी गणिताचा नियम समजत नाही.

तरी त्याच्या आक्षेपात दम आहे, हे मान्य करायला हवं. हार्डी आणि रामानुजनच्या टॅक्सीचा तो १७२९ घ्या. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या: एक आणि बाराचे घन, नाहीतर नऊ आणि दहाचे. तितके खडे जमिनीवर ओतले, तरी हे खरं राहील. ते कोणत्या पद्धतीने लिहिता त्याशी संबंध नाही. ६१७४ चं तसं नाही. तो अंकांच्या घरांवर उभा आहे, आणि ती घरं दहाची का, तर माणसाला दहा बोटं आहेत म्हणून. आठ बोटांचा प्राणी आठाने मोजील आणि त्याला ६१७४ दिसणारच नाही. मग कापरेकरांना सापडलं ते विश्वातलं सत्य, की आपल्याच लिहिण्याच्या रीतीचं प्रतिबिंब?

रिटायर झाल्यावर वही घेऊन बसायला वेळ मिळाला तेव्हा मी हे जरा खोदून पाहिलं. अंक क्रमाने लावून वजा केले की चार अंकांपैकी फक्त दोन गोष्टी शिल्लक राहतात: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा, की वजाबाकीचं उत्तर हजर. असे फरकांचे जोड एकूण ५४ च होतात. म्हणजे सुरुवातीला संख्या हजारो असल्या, तरी पहिल्याच पायरीला सगळ्या त्या ५४ उत्तरांत येऊन पडतात. ६१७४ साठी फरक आहेत सहा आणि दोन: ५९९४ अधिक १८०.

मग दहाच्या जागी दुसरा पाया घेतला. बीजगणित आठवी-नववीचंच आहे. मोजणीचा पाया पाचाच्या पटीत असेल, समजा पाच गुणिले क, तर एक संख्या अशी निघते की या क्रियेत ती आपल्यावरच परत येते. तिचे अंक असतात: ३क, मग क वजा १, मग ४क वजा १, आणि शेवटी २क. दहासाठी क म्हणजे दोन. मांडून बघा: सहा, एक, सात, चार. पाचाने मोजणाऱ्यांसाठी क म्हणजे एक, आणि संख्या येते ३०३२. जुन्या माणसांसारखं विसाविसाने मोजलं, तर चार घरांत बारा, तीन, पंधरा आणि आठ. आठाने मोजणाऱ्यांना अशी संख्या मिळत नाही, बाराने मोजणाऱ्यांना नाही, कॉम्प्युटरवाल्यांच्या सोळाच्या पद्धतीतही नाही.

हे वहीवर उतरलं तेव्हा माझ्यापुरता वाद बराच सुटला. दहा हा आकडा आपण निवडला, खरं आहे. पण दहा निवडल्यावर ६१७४ मिळेल आणि आठ निवडल्यावर काहीच मिळणार नाही, हे आपण ठरवलेलं नाही. बँकेतला नऊही तसाच. आठाने मोजणाऱ्यांच्या बँकेत हेडक्लार्क विचारतील, साताने भाग जातो का?

घडवण्याची बाजू सर्वांत बळकट वाटते ती ऋण संख्येच्या वर्गमुळात. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो, तेव्हा ऋण एकचं वर्गमूळ ही उघडउघड माणसाने काढलेली टूम. सोळाव्या शतकात इटलीत घन समीकरणं सोडवायचं सूत्र निघालं. कार्दानोने ते १५४५ मध्ये छापलं. ते एका साध्या प्रश्नाला लावा: अशी संख्या कोणती, जिचा घन तिच्या पंधरापटीहून चाराने मोठा आहे? उत्तर चार, चौसष्ट म्हणजे साठ अधिक चार. पण सूत्र वाटेत ऋण १२१ चं वर्गमूळ मागतं. बोंबेली हा दलदलीतलं पाणी काढायची कामं करणारा इंजिनिअर. १५७२ च्या पुस्तकात त्याने त्या अशक्य संख्या तशाच पुढे चालवल्या. शेवटी दोन अधिक ऋण एकचं वर्गमूळ आणि दोन वजा ऋण एकचं वर्गमूळ असे दोन तुकडे आले. बेरजेत नको ते कटलं आणि बरोबर चार उरले. टूम बोंबेलीची नव्हती असं कोण म्हणेल? पण बेरीज चार यावी, ही काही त्याची मर्जी नव्हती. पुढे १९२६ मध्ये श्रोडिंगरने अणूतल्या इलेक्ट्रॉनसाठी समीकरण लिहिलं, त्यात हेच वर्गमूळ ठाण मांडून बसलं आहे. ते तिथे इतकं चपखल का बसावं, याचं पटेल असं उत्तर मी अजून वाचलेलं नाही.

माणसाचा वाटा मी कमी लेखत नाही. अंक उतरते लावून त्यातून चढते वजा करायचे, हे कापरेकरांच्या डोक्यातून निघालं. तो खेळ कोणी मांडला नसता, तर ६१७४ कडे कोणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. कोणता प्रश्न विचारायचा, कोणता हार्डीसारखा बाजूला सारायचा, हे सगळं आपल्या हातात. उत्तर मात्र नाही. तीन अंकांवर हाच खेळ खेळलात तर ४९५ वर येऊन थांबाल, तोही एकच. दोन अंकांवर खेळा: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, नुसता फेरा. पाच अंकांवर कोणाला वाटेल की आता आणखी मोठा, आणखी देखणा आकडा मिळणार. तिथेही फेरेच आहेत, तीन वेगवेगळे. त्यातला सर्वांत लहान ५३९५५ वरून ५९९९४ वर जातो आणि तिथून परत ५३९५५ वर. कापरेकरांना आकडे घडवता येत असते, तर पाच अंकांसाठीही एक घडवून त्यांनी त्याला देवळालीजवळच्या एखाद्या स्टेशनचं नाव दिलं असतं.