विश्लेषण : कागद, भांडी आणि गावाचे नाव... इटलीतील कारागिरांच्या गावांतून रोड ट्रिप कशी कराल?

इटली म्हटले की रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा. पण भाड्याची कार घेऊन फाएन्झा, फाब्रियानो, देरुता असा रस्ता धरला, तर दोन-तीन दिवसांत वेगळीच इटली दिसते. या गावांत शेकडो वर्षे एकेकच कला जपली गेली आहे.

सुरुवात फाएन्झापासून. मातीच्या भांड्यावर कथिलयुक्त पांढरी झिलई आणि त्यावर रंगकाम, ही इथली ओळख. अशा भांड्यांना फ्रेंचमध्ये ‘फायान्स’ म्हणतात, ते याच गावाच्या नावावरून. इथले सिरॅमिक्स संग्रहालय १९०८चे आहे.

फाब्रियानोत काय पाहाल?

दोन-अडीच तासांवरचे फाब्रियानो हे कागदाचे गाव. युरोपला कागद अरबांकडून मिळाला. तो टिकाऊ केला तो तेराव्या शतकात इथल्या कारागिरांनी. पाणचक्कीवर चालणाऱ्या हातोड्यांनी ते चिंध्या कुटत. खळीसाठी पिठाऐवजी प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन वापरत, त्यामुळे कागदाला कीड-बुरशी कमी लागे. वॉटरमार्कही इथलाच. साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवायची. तिथे लगदा पातळ बसतो आणि कागद उजेडात धरला की आकृती दिसते. नोटेवरच्या वॉटरमार्कचे मूळ इतके साधे आहे! इथल्या कागद संग्रहालयात हातकागद बनताना बघता येतो.

नावाची लढाई

युरोपात वाइन आणि चीजच्या नावांना संरक्षण होतेच. १ डिसेंबर २०२५ पासून काच, भांडी, लेस, चाकू अशा कारागिरीच्या वस्तूंनाही संपूर्ण युरोपीय संघात भौगोलिक मानांकन मिळवता येते. कोल्हापुरी चपलेला आपल्याकडे ते २०१९ मध्येच मिळाले. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला झळकल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. टीकेनंतर प्राडाने या चपलांमागची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. मानांकन मिळाले म्हणजे नक्कल थांबते, असे नाही.

गाडी चालवताना

भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवाच. जुन्या गावांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र असते. पोलीस अडवत नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी थेट घरी येते. त्यामुळे गाडी वेशीबाहेर लावून चालत जाणे बरे. दुपारी बरीच दुकाने बंद असतात, तो वेळ प्रवासाला ठेवा.

शेवटचा टप्पा देरुता, फाब्रियानोपासून साधारण तासाभरावर. इथेही रंगीत भांडी. गावाजवळच्या मादोन्ना देई बान्यी चर्चच्या भिंतींवर सतराव्या शतकापासूनच्या शेकडो नवसाच्या फरशा आहेत. झाडावरून पडलेला, बैलगाडीखाली आलेला, असे जिवावर बेतलेले प्रसंग त्यांवर रंगवले आहेत. अलीकडच्या फरशांवर मोटारींचे अपघातही दिसतात.