बालशिक्षणाचे तत्त्व आणि गावचे साहित्य

बालकेंद्री शिक्षणात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला काय शिकवायचे यापेक्षा ते स्वतःहून कशाकडे वळते, हे आधी पाहिले जाते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह सुरू केले आणि तेथून त्यांची पद्धत जगभर गेली. या पद्धतीत मूल मांडून ठेवलेल्या साहित्यातून आपले काम निवडते आणि हवा तेवढा वेळ त्यात रमते. चूक झाली तर ती साहित्यच दाखवते. दट्ट्यांच्या पेटीत एक दट्ट्या भलत्या खाचेत गेला, की शेवटचा बसत नाही आणि मूल पुन्हा जुळवाजुळव करू लागते. शिक्षिकेने फार न बोलता बारकाईने पाहायचे असते.

ही पद्धत भारतात रुजवताना तिच्यात पहिल्यापासूनच बदल झाले. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. सहा वर्षांखालील मुलांना परीकथा सांगण्याबाबत मॉन्टेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्ट, गाणे आणि नाटुकले यांना बालमंदिरात मोठे स्थान दिले. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढणाऱ्या मुलांना गोष्टीविना शाळा परकी वाटली असती. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे हे काम महाराष्ट्रात आणले. स्वतः मॉन्टेसरी 1939 मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धाच्या काळात भारतातच राहिल्या.

सर्वांत मोठा बदल घडला तो ग्रामीण भागात. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. नंतर ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरातले महागडे मॉन्टेसरी साहित्य तेथे परवडणारे नव्हते, म्हणून बिया, पाने, खडे, शिंपले आणि माती हेच साहित्य झाले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडी जन्मली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

कोसबाडला वस्तू, जागा आणि वेळ बदलली. मुलाची निवड, हातांचे काम आणि मोठ्यांच्या मनातला मुलाबद्दलचा आदर मात्र तसाच राहिला. न्यूझीलंडने 1996 मध्ये असाच विचार राष्ट्रीय पातळीवर केला. तेथील ‘ते व्हारिकी’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम माओरी समाजाला सोबत घेऊन घडला. चटई विणावी तशी त्याची समान सूत्रे प्रत्येक केंद्राने आपल्या मुलांनुसार गुंफायची असतात.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला हा विचार सहज लागू पडतो. लहान-मोठ्या करवंट्या घासून गुळगुळीत केल्या, तर त्या एकीत एक बसवताना मुलाला आकारांचा क्रम कळतो आणि चूकही आपोआप लक्षात येते. शिंपल्यांच्या जोड्या लावता येतात. कोकम, तिरफळ आणि सुकी मासळी वासावरून ओळखता येतात. ओल्या वाळूवर बोटाने अक्षर गिरवता येते. सावंतवाडीच्या लाकडी फळांनी रंग आणि आकारांची ओळख होते. धारदार कडा तासून घेणे आणि फार बारीक वस्तू लहानग्यांपासून दूर ठेवणे एवढी काळजी मात्र घ्यावीच लागते.

साहित्याइतकीच भाषा महत्त्वाची आहे. घरी मालवणीत ‘माका होया’ (मला हवे) म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत दुरुस्त केले, तर ते गप्प बसते. मालवणीतल्या गजाली म्हणजे गप्पागोष्टी, दशावतारातल्या संकासुराची नक्कल आणि पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या यांतून बोलणे फुलते. प्रमाण भाषा त्यावर हळूहळू चढते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सुरुवातीच्या वर्षांत घरच्या भाषेवर भर दिला आहे.

एकट्याने, शांतपणे काम करणे हा मॉन्टेसरी वर्गाचा मोठा गुण आहे. किनाऱ्यावरचे मूल मात्र रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या माणसांत, मासळीचे वाटे पडताना पाहत वाढते. ग्वाटेमालातील माया समाजाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी दाखवले आहे, की मोठ्यांच्या कामात लुडबुड करत शिकणे ही शिकण्याची समर्थ रीत आहे. म्हणून येथे वैयक्तिक कामाच्या जोडीला मासे प्रकारानुसार वेगळे करणे, समान वाटे घालणे अशी सामूहिक कामेही हवीत. गणिताची सुरुवात तेथेच होते.

पालकांना पाटीवर अक्षरे दिसली की समाधान वाटते. करवंट्या रचणारा हातच पुढे पेन्सिल धरतो, हे त्यांना वर्गात बसवून दाखवावे लागते. मुलाला खरी निवड मिळते का आणि चूक त्याची त्याला उमगते का, हे न तपासता केवळ स्थानिक वस्तू मांडल्या, तर जुनीच घोकंपट्टी नव्या सामानासह चालू राहते. हे टाळायचे तर अंगणवाडी सेविकेला साहित्याची तयार यादी पुरेशी नाही. मूल निरखण्याचे प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि साहित्य ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले पाहिजे.