उंदराच्या यकृतातील गाठी आणि भुईआवळ्याचा अर्क

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांसह बुलढाणा जिल्ह्यात पावसाळा लागला की शेताच्या बांधावर भुईआवळा उगवतो, आणि कावीळ झालेल्या माणसाला त्याचा रस देण्याची रीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. केरळमधील त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९९ मध्ये याच भुईआवळ्याचे, तसेच आवळा आणि कुटकी यांचे अर्क रॅट जातीच्या मोठ्या उंदरांना देऊन पाहिले, तेव्हा यकृतात गाठी होण्याचे प्रमाण घटल्याचे त्यांना आढळले. अशा निष्कर्षाचा अर्थ काढण्यापूर्वी प्रयोगाची रीत समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रथम वनस्पतिशास्त्रज्ञाकडून वनस्पतीची ओळख पटवून तिचा वाळवलेला नमुना जपून ठेवतात. मग ती सावलीत वाळवून, भरड दळून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मुरवतात आणि गाळलेला द्रव आटवून जो घट्ट, काळपट गोळा उरतो त्यालाच अर्क म्हणतात. यकृताचा कर्करोग घडवण्यासाठी बहुधा डायएथिलनायट्रोसामाइन हे रसायन वापरतात. उंदराच्या सुमारे पंधरा दिवसांच्या नर पिलाला त्याची एकच सुई टोचली तरी पुढे काही महिन्यांत यकृतावर गाठी दिसू लागतात. प्राण्यांचे गट पाडून एका गटाला काहीच देत नाहीत, दुसऱ्याला केवळ रसायन, तर उरलेल्यांना रसायनासोबत अर्काच्या कमीअधिक मात्रा देतात. अर्क टोकाशी गोल केलेल्या बोथट सुईने थेट जठरात सोडला जातो. अखेरीस यकृताचे वजन, गाठींची संख्या, रक्तातील विकरांची पातळी आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशींची ठेवण यांची तुलना होते.

खरी मेख पुढेच आहे. हे रसायन स्वतः निरुपद्रवी अवस्थेत शरीरात शिरते आणि यकृतातील एक विशिष्ट विकर त्याचे रूपांतर जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थात करते. अर्काने केवळ त्या विकराचे काम मंदावले, तरी गाठी कमी होतात. मात्र कर्करोगाच्या पेशीवर अर्काचा काहीही परिणाम झालेला नसतो. म्हणून रसायनासोबत दिलेला अर्क आणि गाठी झाल्यावर दिलेला अर्क हे दोन निराळे प्रश्न आहेत: पहिला प्रतिबंधाचा, दुसरा उपचाराचा. रुग्णाला गाठ आधीच झालेली असल्यामुळे त्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्नच मोलाचा असतो.

प्राण्यांपासून माणसापर्यंतची वाट किती अवघड आहे, हेही भुईआवळ्यानेच दाखवून दिले. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूच्या वाहकांना तो दिला, तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. पुढे इतर देशांत झालेल्या चाचण्यांत मात्र हे यश पुन्हा मिळाले नाही. शिवाय ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समजही टिकणारा नाही, कारण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली आहे.

याचा अर्थ वनौषधींचा शोध सोडावा असा नव्हे, कारण अंगणातल्या सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टीन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध मिळाले. पण त्यासाठी अर्कातील नेमका घटक वेगळा करून, त्याची मात्रा ठरवून, माणसांवर रीतसर चाचण्या घ्याव्या लागल्या. भुईआवळ्याबाबत तसे होईपर्यंत यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाने डॉक्टरांचे उपचार सोडून अर्काच्या भरवशावर राहू नये. बाळाला जन्मतःच हिपॅटायटिस बीची लस टोचून घेणे, दारू टाळणे आणि मका व भुईमूग नीट वाळवून बुरशी लागलेला माल बाजूला काढणे, हे यकृत जपण्याचे खात्रीचे उपाय आज प्रत्येक घराच्या आवाक्यात आहेत.